फॉर्मॅट मारण्याआधी

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

कवी म्हटला की तो पावसावर नाहीतर चंद्रावर बोलणार, अशी आपली समजूत असते. आज मी कॉम्प्युटरवर बोलणार आहे. मी त्यातला जाणकार नव्हे. मी बी.ए. करत होतो तेव्हा आमच्या कॉलेजातली सर्वांत आधुनिक वस्तू म्हणजे टाइपरायटर, आणि तोसुद्धा कुलपात असायचा. पण २०२५च्या जुलै महिन्यात माझ्यावर जो प्रसंग आला, तो आज ना उद्या आपल्यापैकी बऱ्याच जणांवर येणार आहे. तेव्हा माझी फजिती तुमच्या उपयोगी पडली तर बरंच.

दिवाळी अंकांची पत्रं जुलैत येऊ लागतात. एका अंकाला कविता पाठवायची होती. रात्री जेवून कॉम्प्युटरपुढे बसलो, तर पडद्यावर निळ्या रंगात सूचना: अपडेटचं काम चालू आहे, तीस टक्के पूर्ण, कॉम्प्युटर बंद करू नका. म्हटलं, होऊ दे. चहा झाला. तीस टक्के. बातम्या ऐकल्या. तीस टक्के. बाहेर पाऊस, विजेची उघडझाप चाललेली. आमच्या इन्व्हर्टरवर एक पंखा आणि दोन दिवे. कॉम्प्युटर त्याच्यावर नाही. दीड तास झाला तरी तीसच. माझी खात्री झाली की हे अडकलं. मी उठलो आणि बोर्डावरचा खटका बंद केला. परत चालू केला.

त्यानंतर जे सुरू झालं ते थांबेना. कंपनीचं चिन्ह यायचं, खाली ठिपके गोल गोल फिरायचे, मग पडदा काळा, मग निळ्या पडद्यावर एक रडवा चेहरा आणि दोन ओळी मजकूर. तो वाचायच्या आत गायब. पुन्हा चिन्ह, पुन्हा ठिपके. घाण्याच्या बैलासारखं. बायको म्हणाली, "एकदा बंद करून चालू करा की." मी म्हटलं, "तेच तर करतंय ते मघापासून!"

सकाळी कॉम्प्युटरचा डबा, म्हणजे ज्याला आपण सगळे सीपीयू म्हणतो तो, प्लास्टिकच्या पोत्यात गुंडाळून स्कूटरवर पायांमध्ये धरला आणि बाजारातल्या दुरुस्तीच्या दुकानात नेला. तिथला मुलगा चटपटीत. त्यानं एकदा चालू करून बघितलं आणि म्हणाला, "काका, फॉर्मॅट मारावा लागंल. संध्याकाळी या."

"आतलं सगळं राहील ना?"

"डी ड्राइव्हचं राहील. सी चं जाईल."

"माझं डेस्कटॉपवर आहे."

"डेस्कटॉप म्हणजे सीच की, काका."

श्रोतेहो, हे वाक्य कुठेतरी लिहून ठेवा. कॉम्प्युटर उघडल्यावर समोर जे दिसतं, जिथे आपण लग्नाचे फोटो, मुलांची प्रमाणपत्रं आणि कामाचे कागद हाताशी असावेत म्हणून टाकत जातो, ती जागा सहसा सी ड्राइव्हच्या पोटात असते. आणि फॉर्मॅट म्हणजे पाटी पुसणं. मशीन अगदी नव्यासारखं चालू होतं. पाटीवरचं जातं.

माझ्या डेस्कटॉपवर कविता होत्या. त्यांचं मला एवढं नव्हतं. चांगल्या होत्या त्या छापून झालेल्या, बाकीच्या गेल्या असत्या तर मराठी कवितेचं काही अडलं नसतं. पण तिथे एक फोल्डर होतं. त्याचं नाव 'अम्मा'.

माझी अम्मा खेड्यातली. आमच्या घरात बोलणं दखनी, पण जात्यावर ती बसायची ती मराठीत. पडवीत जातं होतं. शेजारची एक काकी पहाटे दळण घेऊन यायची, दोघी समोरासमोर बसायच्या, खुंट्याला चार हात लागायचे. काकी पांडुरंगाची ओवी टाकायची, अम्मा पिराची. मग दोघी मिळून भावाची, माहेरच्या वाटेची. पुढे गावात पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं. ओव्या मात्र तिच्या तोंडात राहिल्या होत्या. २०१४ साली मी मोबाइल घेऊन तिच्यापुढे बसलो आणि म्हटलं, अम्मा, सांग. तर तिला एक आठवेना. बराच वेळ गेला. मग तिनं सहज जवळच्या डब्याच्या झाकणावर हात ठेवून तो गोल फिरवायला सुरुवात केली, आणि हात फिरला तशी ओवी आली. तेव्हापासून रेकॉर्डिंगला बसायचं म्हणजे आधी तो डबा आणायचा. त्या आवाजांमागे झाकणाचा खर्र खर्र आवाज आहे तो त्याचाच. अशी एक्केचाळीस रेकॉर्डिंगं झाली. २०१७ साली अम्मा गेली. तो मोबाइल त्यानंतर वर्षभरात बंद पडला. आवाज मी आधीच कॉम्प्युटरवर घेतले होते, आणि 'अम्माच्या ओव्या जपून ठेवल्यात' असं मी चार लोकांत सांगत असे. आठ वर्षांत त्यांची दुसरी प्रत केली नाही. उतरवून काढू, नंतर काढू, असं चाललेलं.

मी डबा उचलून घरी आणला. त्या मुलाला मी दोष देत नाही. गिऱ्हाईक मशीन बंद पडलं म्हणून येतं, तो ते चालू करून देतो. आत काय आहे हे त्याला कोण सांगतं?

माझी भाची पुण्याला एका कार्यालयात कॉम्प्युटरच्याच कामावर आहे. तिला फोन लावला. तिचा पहिला प्रश्न, "मामू, तुम्ही काय केलंत ते सांगा." मी म्हटलं, लाईट गेली. ती गप्प राहिली. मग म्हणाली, "मामू, सच्ची बोलो." मग खटक्याचं सांगितलं.

ती रागावली नाही. तिनं मला आत काय झालं असावं ते समजावलं. आपण कॉम्प्युटरवर काम करत असतो तेव्हा त्याच्या व्यवस्थेच्या, म्हणजे विंडोजच्या, पुष्कळ फाइली वापरात असतात. वापरात असलेली फाइल बदलता येत नाही. ज्या फांदीवर बसलोय ती कापता येत नाही तसं. म्हणून नव्या फाइली आधी एका बाजूला उतरवून ठेवल्या जातात, काय कशाच्या जागी बसवायचं त्याची यादी होते, आणि मशीन बंद होऊन पुन्हा चालू होतं तेव्हा, आपला पडदा यायच्या आधी, ती अदलाबदल होते. मी खटका दाबला तो नेमका त्या वेळी. जुनी कौलं निम्मी उतरवलेली, नवे पत्रे निम्मे चढवलेले, आणि मधेच गवंडी हाकलून दिला. आता मशीन उठतं, यादी वाचतं, पुढे काम करायला जातं, जुन्याला नवं जुळत नाही, कोसळतं. आणि कोसळलं तर आपोआप पुन्हा चालू व्हायचं अशी सोय त्यात मुळातच असते. म्हणून तो घाण्याचा बैल.

"आणि मामू, ते अडकलेलं नव्हतंच बहुतेक," ती म्हणाली. माझी हार्ड डिस्क जुनी, फिरत्या तबकडीची. असल्या डिस्कवर अपडेटला तास-दोन तास लागू शकतात, टक्के तिथल्या तिथे राहतात. डब्याच्या तोंडावर बहुधा एक बारीक दिवा असतो. तो लुकलुकत असेल तर आत काम चाललंय. आठ-दहा वर्षं मी तो दिवा पाहत होतो. तो कशाचा, हे कधी विचारलं नव्हतं.

मग तिनं कामाचा क्रम सांगितला, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच होतं. "आधी अम्मानानी बाहेर काढू. मशीनचं मग बघू."

मोबाइल मसाल्याच्या डब्याला टेकवून व्हिडिओ कॉलवर तिला पडदा दाखवला. प्रिंटरची वायर, जादाचं जे जे जोडलेलं होतं ते काढलं. मशीन चालू करायचं, चिन्ह दिसलं की चालू करायचंच बटन दहा सेकंद दाबून धरायचं, म्हणजे ते बंद पडतं. असं दोन-तीनदा. मला ते पाप वाटत होतं. आदल्या रात्री हेच करून तर ही वेळ आली होती. पण लागोपाठ सुरू होता आलं नाही, की विंडोजला कळतं की आपलं काही ठीक नाही, आणि ते दुरुस्तीचा वेगळा पडदा पुढे करतं. तिसऱ्या खेपेनंतर तो आला. काहींच्या मशीनवर तो येतच नाही. त्यांनी दुसऱ्या चांगल्या कॉम्प्युटरवरून आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोज उतरवून घ्यायचं आणि त्याच्यावरून मशीन सुरू करायचं, तोच पडदा मिळतो. तो पेन ड्राइव्ह मात्र रिकामा घ्यावा, कारण त्याच्यावरचं सगळं पुसलं जातं.

पडद्यावर मी एकेक नाव मोठ्यानं वाचत होतो. 'रीसेट धिस पीसी' वाचलं. मला ते नाव बरं वाटलं. ती जवळजवळ ओरडलीच, "त्याला हात नका लावू!" त्यात दोन वाटा असतात. एकीत सगळंच जातं. दुसरीत आपल्या फाइली ठेवतो असं म्हणतात, पण आपण टाकलेले प्रोग्रॅम जातात. ती वाट चुकीची नाही, पण शेवटची आहे, आणि आपल्या वस्तू बाहेर काढल्याशिवाय तिकडे जायचं नाही.

इथे लॅपटॉपवाल्यांसाठी एक सांगायला हवं. पुष्कळ नव्या लॅपटॉपवर डिस्कला आपोआप कुलूप लागलेलं असतं. बिटलॉकर म्हणतात त्याला. अशा दुरुस्तीच्या वेळी ते अठ्ठेचाळीस अंकांची किल्ली मागतं. ती किल्ली बहुतेक वेळा आपल्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवलेली सापडते. मशीन धड आहे तोवरच ती बघून वहीत लिहून ठेवावी. माझा डबा जुना, त्याला कुलूप नव्हतं.

मग 'कमांड प्रॉम्प्ट' नावाची काळी खिडकी उघडली. त्यात 'नोटपॅड' एवढं टाइप केलं आणि आपली साधी लिहायची पाटी उघडली. मला कळेना, या वेळी लिहायचं काय? पण गंमत अशी की त्या नोटपॅडमध्ये 'फाइल', 'ओपन' केलं, आणि खाली 'ऑल फाइल्स' निवडलं, की सगळ्या डिस्का दिसतात, आणि तिथेच उजव्या बटनानं कॉपीही करता येतं. सी ड्राइव्हवर गेलो. आत काहीच नाही! माझ्या तोंडचं पाणी पळालं. भाची म्हणाली, "घाबरू नका, इथे अक्षरं बदलतात. डी बघा." खरंच, एरवीचा सी इथे डी होऊन बसला होता. युजर्स, त्यात माझं नाव, त्यात डेस्कटॉप, त्यात 'अम्मा'.

पेन ड्राइव्ह लावला. कॉपी केलं, पेस्ट केलं. आणि काहीच होईना. या खिडकीत टक्के दिसत नाहीत, हिरवी पट्टी सरकत नाही. सगळं गोठल्यासारखं. माझा हात आपोआप खटक्याकडे गेला असेल, कारण बायकोनं तो धरला. तीन-चार मिनिटांनी नावं उमटली. मी मोजली. एक्केचाळीस. मग फोटो आणि कविता काढल्या, त्याला पाऊण तास गेला.

भाचीला तेवढ्यानं पुरे झालं नाही. नुसती नावं आली म्हणजे फाइल आली असं नाही, वाजवून बघा म्हणाली. शेजारच्यांचा लॅपटॉप मागून आणला. पहिलंच रेकॉर्डिंग लावलं. आधी झाकणाची खरखर, मग खोकला, मग अम्मा मला विचारते, "चालू झालं का रे ते?" शेजारचा मुलगा म्हणाला, "झालं ना काका, आजी विचारतायत."

(ज्यांचं मशीन एवढंही करू देत नाही, त्यांनी दुकानदाराला डिस्क काढून वायरनं दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडायला सांगावं. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. डिस्क धड असेल तर फाइली तशाच मिळतात. फक्त ते आधी सांगावं लागतं.)

दुरुस्तीची गोष्ट आता थोडक्यात सांगतो. 'स्टार्टअप रिपेअर' केलं, जमत नाही म्हणालं. 'अनइन्स्टॉल अपडेट्स', म्हणजे शेवटचं अपडेट काढून टाकणं, केलं. पुष्कळांचं दुखणं इथेच थांबतं. माझं थांबलं नाही, आधीचं काम अर्धवट आहे म्हणून काढता येत नाही असं उत्तर आलं. सेफ मोड, म्हणजे अगदी मोजक्या गोष्टींवर मशीन सुरू करणं, तेही तसंच फिरून आलं. मागच्या तारखेला परत नेणारी सोय माझ्याकडे कधी चालूच केलेली नव्हती. शेवटी पुन्हा ती काळी खिडकी, आणि एक लांबलचक आज्ञा. भाची एकेक अक्षर सांगत होती, मी टाइप करत होतो. तिरपी रेघ कोणत्या बाजूला झुकलेली, जागा कुठे सोडायची, कुठे नाही. पहिल्यांदा एक जागा सोडायची राहिली, मशीननं सरळ नाकारलं. आयुष्यभर मी संपादकांशी एका अनुस्वारासाठी भांडत आलोय. इथे भांडायची सोय नव्हती. त्या आज्ञेचा अर्थ एवढाच, की ती अर्धवट यादी सोडून दे आणि जुन्या जागी परत जा. मशीन सुरूच होत नसेल तेव्हाच हा उपाय करायचा असतो, धडधाकट मशीनवर करून बघू नये.

पुन्हा चालू केलं. पडद्यावर आलं: बदल मागे घेत आहोत, कॉम्प्युटर बंद करू नका. मी खुर्ची ओढून त्या बारीक दिव्याकडे बघत बसलो. पन्नास मिनिटं. मग माझा नेहमीचा पडदा आला. बघितलं तर सी ड्राइव्हवर तीन जीबी जागा शिल्लक होती. एवढ्या दाटीत अपडेटनं हातपाय कुठे हलवायचे?

संध्याकाळी मी भाचीला म्हटलं, हे अपडेट प्रकरण कायमचं बंदच करून टाक. ती ऐकेना. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमनं जगभर कॉम्प्युटर अडवले. ज्या भगदाडातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलं होतं, ज्यांनी घेतलं नव्हतं ते सापडले. पुढच्याच महिन्यात नोटपेट्या आला, आणि उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम कोलमडलं. हे झालं एका बाजूचं. मी दुसऱ्या बाजूचं काढलं. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं ८५ लाख मशीन कोसळली, आपल्याकडे विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले, ते? ती म्हणाली, "मामू, ती बरीचशी मशीन कशी उठवली माहीत आहे? माणसं एकेका मशीनपाशी गेली, सेफ मोडमध्ये सुरू केलं आणि एक फाइल हातानं पुसली. तुमच्यासारखंच." आणि तिनं २०१०चं उदाहरण दिलं. त्या फेब्रुवारीत विंडोज एक्सपीच्या एका अपडेटनंतर अनेकांची मशीन अशीच फिरत राहिली, लोकांनी अपडेटला शिव्या घातल्या. तपासात निघालं की त्या मशीनमध्ये एक विषाणू आधीपासून दडून बसला होता. अपडेटनं त्याच्या पायाखालची फळी हलवली, एवढंच. वादात मी हरलो, असं म्हणा हवं तर.

पेन ड्राइव्हची एक प्रत पुण्याला भाचीकडे गेली, एक इंटरनेटवरच्या साठ्यात चढवली. दुकानातल्या त्या मुलाकडे पुन्हा गेलो, त्याच्याकडून नवी, न फिरणारी डिस्क बसवून घेतली. जुनीवरचं सगळं त्यानं जसंच्या तसं नवीवर आणलं. सगळी हकिकत त्यानं ऐकून घेतली. माझ्यासमोरच एक बाई लॅपटॉप घेऊन आल्या, तेव्हा त्यानं विचारलं, "ताई, डेस्कटॉपवर काही ठेवलंय का?" त्या म्हणाल्या, ठेवलंय की. विंडोज १०चं नेहमीचं पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ला संपलं. त्यानंतर काय करायचं यावर आमच्या घरात झालेली चर्चा हा वेगळ्या भाषणाचा विषय आहे.

अपडेट राहिलं होतंच. ऑगस्टमध्ये एका रविवारी इन्व्हर्टरवाल्याला बोलावून कॉम्प्युटरची वायर इन्व्हर्टरवर घेतली, सी ड्राइव्हवर जागा केली, आणि अपडेट सुरू केलं. टक्के बघायचे नाहीत असं बायकोनं बजावलं होतं. मी शेजारचा लॅपटॉप पुन्हा मागून आणला, ओट्यावर वही घेऊन बसलो आणि पहिलं रेकॉर्डिंग लावलं. आत जाऊन बघितलं तेव्हा अपडेट कधीच संपलं होतं. चार ओव्या उतरवून झाल्या होत्या, आणि पाचवीतला एक शब्द लागत नव्हता. काकीचा मुलगा अजून गावात असतो. त्याला विचारायला हवं.